छकुलीच्या दुधाबद्दल, तुम्ही यायच्या आधी

नागपूर
श्रावण

ती. आई आणि बाबा,
सा. न.

आई, काल फोनवर तू म्हणालीस, "पोरगी बरी झाली नं, मंग पुन्हा तेच दूध काहून पाजता बाप्पा?" आणि मागून बाबांचा आवाज आला, "डाक्टरले काय, पैसे पायजे." छकुली तेव्हा हातात रडत होती, म्हणून मी "सांगते नंतर" म्हणून ठेवून दिला. फोनवर सांगितलेलं तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं बाबा स्वतःच्या मनानं भरतात. म्हणून बरी झालेल्या छकुलीला जुन्या डब्याचं दूध पुन्हा देऊन का बघायचं आहे, ते लिहूनच पाठवते. पोळ्याला निघण्याआधी दोघांनी वाचा आणि दादालाही वाचायला द्या.

छकुली दत्तक संस्थेतून घरी आली तेव्हा तीन महिन्यांची होती आणि पहिल्या दिवसापासून डब्याच्या दुधावर. प्रत्येक बाटलीनंतर थोडं दूध बाहेर यायचंच. तुझ्या खांद्यावरच्या पदराला ते ठाऊक आहे. धंतोलीतल्या डॉक्टरांनी पहिल्या वेळी तिचं वजन केलं, तक्त्यावर ठिपका टाकला आणि म्हणाले, या वयात हे होतंच. अन्ननलिका पोटाला जिथे मिळते तिथला स्नायू तान्ह्या बाळाचा अजून पक्का झालेला नसतो. त्यात पोट एवढंसं, आहार सगळा पातळ आणि बाळ दिवसभर आडवं. चौथ्या महिन्याच्या आसपास दूध टाकणं सगळ्यात जास्त असतं, पुढे कमी होत जातं आणि बहुतेक मुलांचं वर्षाच्या आत थांबतं. बाळ दूध टाकूनही खुशीत असेल, वजन धरत असेल, तर औषधाची गरज नसते. मला तेव्हा रागच आला होता. एवढी रांग लावून आत गेलं आणि हातात चिठ्ठी नाही! पण आता पटतं. आम्लपित्ताची औषधं अशा बाळाचं दूध टाकणं थांबवत नाहीत, उलट जंतुसंसर्गाला वाट करून देतात.

पुढे मात्र चित्र बदललं. दूध पिता पिता ती पाठीची कमान करून रडायला लागली, बाटली तोंडातून ढकलायची. गाल लाल आणि खरखरीत झाले. शीमध्ये शेंबडासारखं चिकट यायचं आणि मग त्यात रक्ताच्या बारीक रेघा दिसल्या. वजनाचा ठिपका जागचा हलेना. हे सगळं एकत्र पाहिल्यावर डॉक्टरांनी पहिल्यांदा गायीच्या दुधाच्या ॲलर्जीचं नाव काढलं. 'ॲलर्जी आहे' असं म्हणाले नाहीत, 'संशय आहे' म्हणाले. हा संशय शब्द लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यासाठीच चाललंय.

बाबा, तुमचा पहिला प्रश्न: रक्त तपासून का सांगत नाहीत? ही ॲलर्जी दोन तऱ्हेची असते. एकीत दूध पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलट्या होतात. ती रक्ताच्या किंवा त्वचेच्या तपासणीत बरीचशी कळते. दुसरी हळू चालते. आज पाजलेल्या दुधाचा त्रास काही तासांनी, कधी दोन दिवसांनी दिसतो, आणि तो मुख्यतः पोटात. छकुलीचा संशय या दुसऱ्या तऱ्हेचा आहे आणि तिच्यासाठी कुठलीही रक्ततपासणी कामाची नाही. एकच रस्ता आहे. दोन ते चार आठवडे दुधाचं प्रथिन पूर्ण बंद ठेवायचं आणि फरक पडतो का ते बघायचं. पडला, तर तेच दूध पुन्हा देऊन त्रास परत येतो का ते बघायचं. पहिला भाग झाला. फरक पडला, तो तूही फोनवर पाहिलास. दुसरा भाग राहिला आहे, आणि तुमचा दोघांचा राग त्याच्यावरच आहे.

सध्याचा डबा वेगळा आहे. दूध गायीचंच, पण त्यातल्या प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की बाळाच्या शरीराला ते ओळखू येत नाहीत. महाग आहे, साध्या डब्याच्या काही पट. वास इतका घाणेरडा की तुमच्या जावयांनी पहिला डबा खराब निघाला म्हणून दुकानात परत न्यायला काढला होता. चवही कडवट. छकुलीनं आधी तोंड फिरवलं, मग भुकेनं घेतलं, आता मुकाट पिते. शी हिरवट होते, ती या दुधानं होतेच, घाबरू नकोस. आणि आई, या डब्याचा चमचा याच डब्यासाठी. आधी पाणी मोजायचं, मग सपाट चमचे. पोट भरावं म्हणून एक चमचा जास्त नाही, की पैसे वाचावे म्हणून एक कमी नाही. बाटलीत तांदळाची पेजही घालायची नाही.

आता गायीचं. बाबा, तुम्ही पाठवलेला देशी गायीच्या ए-टू दुधाचा मेसेज मी डॉक्टरांना दाखवला. तुमच्या गवळाऊ गायीचं दूध वाईट आहे असं तुमच्या आर्वीत उभं राहून म्हणायची माझी हिंमत नाही. आपल्याच मातीतली जात आहे ती. पण ए-वन आणि ए-टूमधला फरक दुधातल्या एका प्रथिनाच्या साखळीतल्या एकाच मण्याचा आहे. बाकी प्रथिनं दोन्ही दुधांत तीच. ज्या मुलाला ॲलर्जी आहे त्याला विदेशी होल्स्टिनही बाधते आणि गवळाऊही. म्हशीचंही तसंच. शेळीचं दूध सुचवताना तुम्ही सेवाग्रामातल्या गांधीजींचा दाखला दिलात. गांधीजी शेळीचं दूध पीत, हे खरंच. पण शेळीच्या दुधातली प्रथिनं गायीच्या दुधाला इतकी जवळची आहेत की ही ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना तेही सोसत नाही. शिवाय त्यात फोलेट हे जीवनसत्त्व कमी. शेजारच्या काकूंनी लॅक्टोज नसलेला डबा सुचवला होता. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर. इथे भांडण प्रथिनाशी आहे, साखर काढून काय उपयोग? सोयाचा डबा सहा महिन्यांच्या आत नको म्हणाले. आणि ॲलर्जी नाही असं ठरलं तरी वर्षाच्या आत पिण्यासाठी वरचं साधं दूध द्यायचंच नसतं, कुठल्याच जनावराचं. त्यात लोह फार कमी असतं. म्हणजे तुमच्या गायीला तसंही थांबायचंच आहे, बाबा.

एक गोष्ट मी फोनवर टाळत आले. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला दमा, इसब, ॲलर्जी? आईवडिलांना असेल तर मुलात येण्याची शक्यता वाढते. मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी कागदावर 'इतिहास अज्ञात' असं लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. त्यांना ती तेवढीच गोष्ट होती. त्या रात्री मी तुला सांगितलं तर तू म्हणालीस, "कोणाचं रक्त आहे, काय माहीत." आई, तुझ्या मनात वाईट नव्हतं, मला कळतं. पण जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश येईल तेव्हा येईल, आपल्या घरात ती केव्हाच आपली झाली. हे वाक्य पुन्हा कधी तिच्या कानावर पडायला नको. आणि खरं सांगायचं तर ॲलर्जी घराण्यात कुणालाच नसताना पण होते. संस्थेतल्या बायांना दोष देण्यातही अर्थ नाही. त्यांनी डब्याचं दूध दिलं, ते देण्याशिवाय दुसरं काय देणार होत्या? तिच्या वजनाची नोंद त्यांनी इतकी नीट ठेवली होती की वाढ कुठे अडली ते डॉक्टरांना त्यामुळेच चटकन दिसलं.

तर, पुन्हा तेच दूध काहून?

कारण ती बरी कशानं झाली ते अजून कुणालाच माहीत नाही. डबा बदलला तेव्हा तिला चौथा महिना सरत आला होता, म्हणजे दूध टाकणं आपसूक कमी व्हायचंही तेच वय. त्याच सुमारास आम्ही एका वेळचं दूध कमी करून वेळा वाढवल्या, पाजल्यावर अर्धा तास उभं धरायला लागलो. शेतात खत, पाऊस आणि नवीन बियाणं एकाच वर्षी पडलं तर पीक कशानं आलं ते बाबा सांगू शकतील का? दूध परत दिलं आणि त्रास परत आला, तर ॲलर्जी पक्की. मग निदान सहा महिने, ती नऊ महिन्यांची ते वर्षाची होईपर्यंत, दूध बंद आणि नंतर पुन्हा चाचणी. बहुतेक मुलांची ही ॲलर्जी पाच वर्षांच्या आत जातेच, पुष्कळांची त्याआधी. आणि त्रास परत आला नाही, तर ती बिचारी उगाच दही, ताक, पनीर, लग्नातली बासुंदी यांच्याशिवाय वाढणार नाही आणि आम्ही उगाच तो महागडा डबा आणणार नाही. बाबा, डॉक्टरला पैसेच पाहिजे असते तर त्यांनी ही चाचणी टाळली असती.

चाचणी घरीच करायची आहे, कारण तिला सूज, गांधी, धाप असं कधीच झालेलं नाही. ज्यांना तसं होतं त्या मुलांची दवाखान्यातच करतात. रोज थोडं थोडं जुनं दूध वाढवत साधारण आठवडाभर, आणि त्रास दिसला की तिथेच थांबायचं. पोळा झाला की पुढच्या आठवड्यात सुरू.

म्हणून तोपर्यंत एक थेंबही नको. पुरणाचं बोट चाखवू नका, त्यात तूप असतं. पेढ्याचा कण नको. देवाजवळचं पंचामृत बोटाला लावून जिभेवर नको. त्यात दूध-दही आहेच, शिवाय मध, आणि मध तर वर्षाच्या आत कुठल्याच बाळाला द्यायचा नसतो. ग्राइप वॉटर, घुटी घरी ठेवून या. मोहरीची उशी तू मायेनं शिवलीस, पण डोकं उंच ठेवून दूध यायचं थांबत नाही आणि या वयात उशी धोक्याचीच. झोपताना सपाट, पाठीवर. पाजल्यावर लगेच झोळीत नको, तिथे पोट मुडपतं. तुझी ती खांद्यावर टाकून अंगणात फिरवायची रीत मात्र डॉक्टरांना फार आवडली. आमच्याकडे अंगण नाही, गच्ची आहे.

मी अंघोळीला गेले आणि तू एकटी असलीस, तर एवढं बघ: उलटी हिरवी झाली, त्यात रक्त दिसलं, दूध लांब उडेल अशा जोरानं पुन्हा पुन्हा पडलं, पोट टम्म झालं, ती मलूल पडली किंवा बराच वेळ लंगोट ओला झाला नाही, तर मला हाक मार, वाट बघू नकोस. तोंड सुजलं किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर आधी रिक्षा बोलव आणि मग मला.

उष्टावणाचं तू पाचव्या महिन्याचं म्हणत होतीस, मुलीचं विषम महिन्यात असतं म्हणून. डॉक्टर सहा महिने पूर्ण झाल्यावर म्हणतात. सहा पूर्ण म्हणजे सातवा लागलेला, तोही विषमच! दोघांचंही राहिलं. दादानं मामा म्हणून पहिला घास भरवायचा, पण खिरीचा नाही. मऊ भात आणि मुगाचं वरण, वरून तेलाचा थेंब. खीर आम्ही मोठे खाऊ.

तान्ह्या पोळ्याला दादा लाकडी नंदी आणणार आहे ना, तो मोठा आणू नका, घरात जागा नाही. आणि त्या दिवशी मारबतीची मिरवणूक बघायला बाबांना जायचंच असेल तर जावयांसोबत जा, गर्दीत छकुलीला नेणार नाही. 'रोगराई घेऊन जा गे मारबत' ओरडताना ॲलर्जीचं नाव घ्या हवं तर. डॉक्टरांची हरकत नसावी.

आई, तू मात्र पोळ्यानंतर लगेच परत जाऊ नकोस. चाचणीचा आठवडा इथेच थांब. तिनं किती दूध घेतलं, किती टाकलं, शी कशी झाली, गाल कसे आहेत, हे सगळं तासागणिक वहीत लिहायचं आहे. रात्रीचं मी आणि जावई बघू, दिवसा तुझ्यासारखी नजर दुसऱ्या कुणाची नाही. फक्त जे दिसेल तेच लिहायचं, 'दृष्ट लागली' असं नाही. बाबा, तेवढे दिवस गाय तुम्ही आणि दादा सांभाळा. येताना तुरीची डाळ आणा, पाच किलो तरी. तूप आणू नका. आणलंत तर माझ्यासाठी म्हणून आणा आणि माझ्याच हातात द्या.

तुमची लेक