निकालाच्या दिवशी शाळेचं फाटक उघडं असू द्या

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : दहावी-बारावीच्या मुलांसाठी वर्षभराचा समुपदेशक आणि निकालाच्या दिवशी उघडी शाळा

महोदय,
सविनय नमस्कार.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात मी बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवते. त्यातली चौदा वर्षं बारावी विज्ञानाची वर्गशिक्षिका म्हणून गेली. आजवर आपल्या विभागाला मी जे काही लिहून पाठवलं ते मागवलेल्या माहितीचे तक्ते होते. काही मागण्यासाठी आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

बारावीचा निकाल दुपारी एक वाजता लागतो. २०२५ साली तो ५ मे रोजी लागला, दहावीचा १३ मे रोजी. दोन्ही दिवशी आमच्या फाटकाला कुलूप होतं. उन्हाळी सुट्टी लागलेली, शिक्षक आपापल्या गावी गेलेले. मुलं कुणी घरात, कुणी शेतात, कुणी मावशीच्या ओट्यावर, मोबाईलमध्ये बैठक क्रमांक आणि आईचं नाव टाकून वाट बघत बसलेली. आम्ही शिकत होतो तेव्हा निकाल शाळेत कळायचा. गणित गेलेल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवायला तिथे कुणीतरी असायचं, निदान शिपाईमामा तरी. आता निकाल क्षणात कळतो आणि त्यानंतरचा पहिला तास मूल एकटं काढतं. त्याच तासात घरी पाहुण्यांचे फोन सुरू झालेले असतात.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलाचं गणित राहिलं. तो दोन दिवस घरी गेलाच नाही. तिसऱ्या दिवशी त्याचे काका त्याला बसस्टँडवरून घेऊन आले. पुरवणी परीक्षा असते हे त्याला ऐकून माहीत होतं. ती दिली तर वर्ष वाचू शकतं, त्याच वर्षी पुढे प्रवेश घेता येऊ शकतो, हे माहीत नव्हतं. मीही वर्षभरात एकदाही ते सांगितलं नव्हतं. नापास होण्याची गोष्ट आधीच कशाला काढायची, असं मला वाटायचं. तेव्हापासून दर जानेवारीत मी एक तास त्यासाठीच ठेवते. फळ्यावर लिहिते : पुरवणी परीक्षा, उत्तरपत्रिकेची छायाप्रत, पुनर्मूल्यांकन, श्रेणीसुधार. सुरुवातीला मुलं हसतात. मग हळूहळू वह्या उघडतात.

२०२५ च्या बारावीचा निकाल ९१.८८ टक्के लागला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात हा आकडा मोठ्या अक्षरांत आला. परीक्षेला बसलेल्या सुमारे चौदा लाखांतले उरलेले आठ टक्के म्हणजे लाखाहून अधिक मुलं, आणि ती कुठल्याच फ्लेक्सवर नसतात. आणखी एक आकडा इथे लिहिणं मला जड जातं, पण तो लिहायलाच हवा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीप्रमाणे २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपलं आयुष्य संपवलं. त्यातले १,७६४ आपल्या महाराष्ट्रातले होते, कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. प्रत्येकाचं कारण परीक्षा हेच होतं असं कुणी म्हणणार नाही. पण यातल्या प्रत्येकाचं नाव कुठल्या ना कुठल्या हजेरीपटावर होतं, आणि रोज सकाळी कुणीतरी ते पुकारत होतं.

परीक्षेच्या काळात राज्य शिक्षण मंडळ समुपदेशक नेमतं, त्यांचे फोन नंबर जाहीर करतं. केंद्र सरकारची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. मी तो नंबर प्रयोगशाळेच्या दारावर लिहून ठेवला आहे आणि वापरायलाही सांगते. तरी फोन करायचा तर आधी आपल्याला काय होतंय ते मुलाला कळावं लागतं, आणि घरात एकट्यानं बोलायला जागा असावी लागते. आमच्याकडच्या दोन खोल्यांच्या घरात ती नसते. शिवाय मुलांचं जे दुखणं आहे ते फेब्रुवारीत सुरू होऊन मार्चमध्ये संपत नाही. पेपरची भीती मुलं पचवतात. सराव केला की ती कमीही होते. ‘पुढे काय’ याचा सराव त्यांच्याकडून कुणी करून घेत नाही.

आमच्या गावापासून लातूर दीड तासावर आहे. लातूर पॅटर्ननं, म्हणजे तिथल्या कॉलेज-क्लासांच्या घोटून तयारी करून घेण्याच्या पद्धतीनं, मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत पहिला डॉक्टर, पहिला इंजिनिअर आणला, हे मी कधीच नाकारणार नाही. पण दहावीला ऐंशी टक्के पडले की मुलाला विचारायच्या आत ‘लातूरला टाकायचं’ हे ठरलेलं असतं. नीटला, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेला, २०२५ साली बावीस लाखांहून अधिक मुलं बसली. देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यातल्या सरकारी, म्हणजे परवडणाऱ्या, साधारण निम्म्या. हा हिशेब अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी आईवडिलांसमोर कुणी मांडत नाही. क्लासवाल्यांनी तो मांडावा अशी माझी अपेक्षा नाही. मांडायचा तो आम्ही शाळेनं, आणि आम्ही तो मांडत नाही.

माझा एक विद्यार्थी तीन वर्षं रिपीटर होता, म्हणजे नीट पुन्हा पुन्हा देत होता. वडिलांनी आधी बैलजोडी विकली, मग बांधालगतचं एक एकर. चौथ्या वर्षी त्यानं डी. फार्म केलं. आता तालुक्याला औषधाच्या दुकानात असतो, चांगलं चाललंय त्याचं. मागच्या दिवाळीत भेटला तेव्हा म्हणाला, “मॅडम, मला डॉक्टर व्हायचं होतं का, हेच मला आठवत नाही.” त्याला आठवत नव्हतं, कारण त्याला कुणी विचारलंच नव्हतं. आणि बारावीच्या वर्गात त्याची वर्गशिक्षिका मी होते.

कागदपत्रांच्या ताणाविषयी कुणी फारसं लिहीत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते. जून-जुलैमध्ये आमच्या ऑफिसच्या खिडकीशी उभं राहिलं की कळतं. इतर मागासवर्गातल्या मुलाला जात वैधता प्रमाणपत्रासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. म्हणजे सतरा वर्षांचं पोर पंजोबाच्या शाळेचा निर्गम उतारा शोधत गावोगाव फिरतं. ज्याचा पंजोबा शाळेतच गेला नाही, ज्याचं घराणं गावोगाव फिरत राहिलं, त्यानं कुठे जायचं? त्यात उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर, अधिवास, आणि दुसऱ्या बाजूला कॅप राउंडची, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरीची, मुदत. प्रवेश हातात असून कागद नाही म्हणून रडणारी मुलं मी परीक्षेत नापास होऊन रडणाऱ्यांपेक्षा जास्त पाहिली आहेत. हे सगळं अकरावीतच सुरू करता येतं. फक्त अकरावीत तसं सांगणारं कुणी हवं.

सरकारनं केलेलं चांगलं कामही याच खिडकीत अडकतं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. मोठा निर्णय होता तो. त्या महिन्यात माझ्या वर्गातली एक हुशार मुलगी दाखला न्यायला आली होती. वडील म्हणाले, फी झेपायची नाही, स्थळ आलंय. ती बातमी मी त्याच आठवड्यात वाचली होती म्हणून सांगू शकले. मुलगी आता इंजिनिअरिंगला आहे. तो पेपर मी त्या दिवशी वाचला नसता तर तिचं लग्न झालं असतं, हा विचार अजून मला रात्री जागं ठेवतो. एवढी मोठी गोष्ट एका शिक्षिकेच्या पेपर वाचण्यावर अवलंबून असू नये.

म्हणून माझं पहिलं मागणं माणसाचं आहे. शाळेत किती शिक्षक, किती लिपिक, किती शिपाई हे संचमान्यता ठरवते. आमच्या तक्त्यात समुपदेशकाचा रकानाच नाही. तो घाला. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभरासाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, हे त्यात स्पष्ट आहे. मुलांना आणि पालकांना नियमित करिअर मार्गदर्शन मिळावं, हेही आहे. आमच्या एकट्या बारावीच्या वर्गातच शंभराहून अधिक मुलं आहेत. प्रत्येक शाळेला स्वतंत्र पद लगेच जमणार नसेल, तर जवळच्या तीन-चार शाळांत मिळून एक नेमा, पण तो कायम असू द्या. तासिका तत्त्वावर सहा महिन्यांनी बदलणाऱ्या माणसाला मुलं घरचं सांगत नाहीत. आणि कृपा करून हे काम ‘एका शिक्षकाकडे प्रभार’ म्हणून देऊ नका. आमच्याकडे प्रभारांची कमी नाही. कमी आहे ती वेळेची.

वेळ कुठून येईल, तेही सांगते. नववी-दहावीला ‘स्वविकास व कलारसास्वाद’ हा विषय आहे. बालभारतीचं पुस्तक आहे, श्रेणी द्यावी लागते. स्वतःला ओळखणं, ताण समजून घेणं याला वेळापत्रकात जागा हवी, हे आपल्या विभागानं कधीच मान्य केलेलं आहे. प्रत्यक्षात ती तासिका दिवाळीनंतर गणिताला जाते आणि श्रेण्या मार्चमध्ये एका बैठकीत भरल्या जातात. दहावीला शिकवत होते तेव्हा मीही ती तासिका घेतलेली आहे, विज्ञानाचा भाग संपवायला. ही तासिका वाचवा आणि अकरावी-बारावीलाही द्या. २०१६ च्या सुमारास दहावीसाठी कलचाचणी सुरू झाली होती, मुलांच्या हातात कल अहवाल यायचा. तिच्यातल्या उणिवांवर बोलता येईल, पण त्या अहवालामुळे पोरगं आणि बाप एकदा तरी समोरासमोर बसायचे. अहवाल समजावून सांगायला शाळेत कुणी नव्हतं, ही तिची खरी अडचण होती.

दुसरी गोष्ट, जी जवळजवळ बिनखर्चाची आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री क्लिनिक’ चालतात. किशोरवयीन मुलामुलींशी बोलण्यासाठी तिथे समुपदेशक असतात. आमच्या गावातलं क्लिनिक कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर आहे. माझ्या वर्गात विचारलं तेव्हा त्याचं नाव एकाही मुलाला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर चार वर्षांपूर्वीपर्यंत मलाही नव्हतं. आरोग्य विभाग आपल्याकडे नाही, पण त्या समुपदेशकानं महिन्यातून दोन दिवस शाळेत बसावं एवढं दोन खात्यांनी मिळून ठरवता येईल. राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. तिथले निदेशक वर्षातून एकदा दहावीच्या वर्गात आले, जोडारी आणि वीजतंत्रीचं काम त्यांनी मुलांच्या हातात दिलं, तर ‘काहीच जमलं नाही म्हणून आयटीआय’ हे वाक्य आमच्या गावात थोडं कमी ऐकू येईल.

पालकांना दोष देणं सोपं आहे. मी देत नाही. ज्यानं दुष्काळात जमीन राखली, ज्याला शेतीत काही उरत नाही हे पक्कं कळलंय, तो मुलाला शिक्षणाच्या एकाच दोरानं वर ओढणार. दुसरे दोर आहेत हे त्याला कुणी दाखवलेलं नाही.

आता पुन्हा फाटकाकडे येते. निकालाच्या दिवशी आणि नंतरचे तीन दिवस प्रत्येक माध्यमिक शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालय उघडं राहील, दहावी-बारावीचे वर्गशिक्षक हजर राहतील, असं परिपत्रक काढावं, ही माझी विनंती आहे. त्या दिवसांची आम्हाला बदली रजा द्या किंवा देऊ नका, त्यावर माझ्यासारखे अनेक जण अडून बसणार नाहीत. निकालाच्या पत्रकार परिषदेत टक्केवारी, विभागांची क्रमवारी, मुलींची आघाडी हे सगळं सांगितलं जातं. त्याच वेळी मंडळाच्या अध्यक्षांनी एवढं एक वाक्य म्हणावं : ‘ज्यांचा विषय राहिला आहे त्यांनी आत्ता आपल्या शाळेत जावं, तिथे तुमचे शिक्षक बसले आहेत.’ पुरवणी परीक्षेच्या अर्जाची तारीख त्याच दिवशी, त्याच पडद्यावर, गुणांच्या खाली दिसावी.

येत्या मे महिन्यात मी सुट्टीला माहेरी उशिरा जाणार आहे. प्राचार्यांकडून फाटकाची एक किल्ली मागून घेतली आहे. निकालाच्या दिवशी सकाळी अकरापासून दिवेलागणीपर्यंत रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बसेन, माठ भरून ठेवेन. मुलांच्या ग्रुपवर तसं कळवलं आहे. काल एका मुलीनं विचारलं, “मॅडम, पास झालो तरी आलं तर चालेल ना?” शेजारच्या दोन कॉलेजांतल्या मुलांनीही आमच्या मुलांकडून निरोप पाठवून विचारलं आहे की त्यांना येता येईल का. मी हो म्हटलं आहे. पण तीन कॉलेजांच्या मुलांना मी एकटी पुरणार नाही.

आपली,
कनिष्ठ महाविद्यालयातील एक शिक्षिका