भिंतीवरचा एलियाहू

ठाणे

प्रिय विनू,

मागच्या खेपेला शेजारच्या काकूंच्या भिंतीवरचं ते अग्निरथातल्या दाढीवाल्याचं चित्र बघून "हा कोण रे?" असं विचारलंस, आणि तेवढ्यात तुझी रिक्षा आली. आज सवडीने सांगतो.

तो एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा (देवाचा निरोप सांगणारा) एलियाहू. मराठी बायबलात एलीया. माणूस भलता तापट. इस्राएलच्या अहाब राजाला तोंडावर सुनावलं, मी म्हणेपर्यंत पाऊस सोड, दंवसुद्धा पडायचं नाही! पुढे नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा राजाच्या डोळ्यांत भरला. वाडवडिलांची जमीन, तो देईना. तेव्हा ईजबेल राणीने खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडांनी ठेचून मारवलं. राजा ताबा घ्यायला गेला तर मळ्यात एलीया हजर: खून केलास आणि वर जमीनही गिळलीस? (आपल्याकडे सातबाऱ्यावरून काय काय चालतं बघ, म्हणजे या माणसाची किंमत कळेल.) कर्मेल डोंगरावर मात्र बआल नावाच्या देवाच्या ४५० संदेष्ट्यांना हरवल्यावर त्याने त्यांची कत्तल करवली. ते मला आजही पचत नाही.

मला आवडतो तो त्यानंतरचा एलीया. राणी जिवावर उठली म्हणून रानात पळालेला, एका झुडपाखाली बसून "पुरे झालं देवा, ने आता मला" म्हणत झोपी गेलेला. देवदूत येतो तो उपदेश करत नाही, दटावत नाही. ऊठ, खा, एवढंच. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. हा खातो आणि पुन्हा आडवा होतो. दूत पुन्हा उठवतो, खा बाबा, पल्ला लांबचा आहे.

काकू बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावला फुटलं, अशी त्यांची परंपरा. घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी, ज्यूंच्या विसाव्याच्या दिवशी, घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. अलिबागजवळच्या खंडाळ्याला कातळावर खुणा आहेत, त्या एलियाहूच्या रथाच्या, असं ही मंडळी सांगतात. बायबलाप्रमाणे तो यार्देन नदीपलीकडून स्वर्गात गेला. पण जाता जाता कोकणात टेकला असेल तर आपलं काय जातंय? राजाला दरडावणारा तो म्हातारा इथे नवसाला पावतो. लग्न, नवं घर, परदेशप्रवास, काहीही असो, मलिदा होतो: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, बेदाणे, भोवती फळं. हिब्रू प्रार्थना आणि एलियाहूचं गाणं झालं की ताटं फिरतात.

इस्राएलला गेलेल्यांना तिथल्या धर्मपीठाने तुम्ही ज्यू कशावरून म्हणून लग्नाच्या वेळी अडवलं होतं. मंडळी आंदोलनाला बसली, तेव्हा १९६४ साली ते मिटलं. मलिदा तिथेही चालूच आहे.

काकूंच्या नातवाला नोकरी लागली आहे, त्याचा मलिदा पुढच्या महिन्यात. त्यांनी तुलाही बोलावलंय. येणार असशील तर आधी कळव, पोहे त्या हिशेबाने भिजवतील. आणि या वेळी रिक्षा लवकर बोलावू नकोस.

तुझा,
शिऱ्या