दहा खोटे एसी-१२८

भांडुप, मुंबई
रविवार, दुपार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुमची इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाची यादी मिळाली. लाइटबिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेली, आणि खाली दोनदा अधोरेखित, ‘तिकडून मागव, निम्म्यात येतं.’ तिकडून म्हणजे परदेशी साइटवरून, हे शेजारच्या नातवाचं ज्ञान दिसतंय. त्याला विचारा, त्याने शेवटचं पार्सल कधी मागवलं? अलीएक्स्प्रेस ही चिनी साइट सरकारने २०२० च्या नोव्हेंबरात बंद केलं. इतर परदेशी साइटवरून येतं अजून, पण निम्म्यात नाही.

एक गोष्ट मी फोनवर सांगितली नव्हती, ती आता सांगून टाकते. तुमच्या मर्फी रेडिओची आउटपुटची (स्पीकरला आवाज देणारी) ट्रान्झिस्टरची जोडी गेली म्हणालात ना, तेव्हाच मी गुपचूप बाहेरून दहा एसी-१२८ मागवले होते, तेच जुने जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर. गणपतीला येताना डबी तुमच्यासमोर ठेवायची, असा बेत होता. सोबत सुटे भाग तपासणारा एक कंपोनंट टेस्टरही घेतला, बिस्किटपुड्याएवढा. (त्याची मूळ रचना जर्मनीतल्या हौशी लोकांची, सगळ्यांसाठी खुली ठेवलेली. म्हणून चीनमधले विक्रेते तो इतक्या स्वस्तात बनवतात.) दोन्ही मिळून ११०० रुपये.

मग सुरू झालं. आधी आधार कार्डाची प्रत मागितली. मग जकात. ती नुसत्या वस्तूवर नसते बाबा, पाठवणीचा खर्च धरून होणाऱ्या बेरजेवर असते, आणि जकातीसकट जी रक्कम होते तिच्यावर पुन्हा आयजीएसटी हा कर. वर कुरिअरवाल्यांचं कागदपत्रांचं शुल्क. विक्रेता आधीच म्हणाला होता, ‘पाकिटावर गिफ्ट लिहितो, किंमत कमी दाखवतो.’ मी नको म्हटलं. एक तर ते खोटं, आणि दुसरं म्हणजे भेटवस्तूंना जकात माफ असायची ती सवलत डिसेंबर २०१९ मध्येच गेली. आता राखी आणि जीवरक्षक औषधं, एवढंच सुटतं. पार्सल हातात पडेपर्यंत आकडा १९०० च्या पुढे गेला. आई, तुला मी ‘हजारभर’ सांगितलं होतं. ते पार्सल निघायच्या आधीचं होतं, असं समज.

एवढं होऊन ट्रान्झिस्टर कसे दिसत होते म्हणून सांगू! धातूची चकचकीत टोपी, ठळक छपाई. पन्नास वर्षांपूर्वीच्या मालावरची छपाई इतकी ताजी कशी, हे तेव्हाच खटकायला हवं होतं. टेस्टरमध्ये पहिला लावला. पीएनपी, म्हणजे जात बरोबर, तिन्ही पाय बरोबर, आणि बेस-एमिटर व्होल्टेज ६५० मिलिव्होल्ट. जर्मेनियम असता तर २०० च्या आगेमागे यायला हवं होतं. दुसरा लावला, तिसरा लावला. दहाही सिलिकॉनचे, हल्लीचे साधे. विक्रेत्याचा माल खोटा आहे हे त्याच्याच टेस्टरने सांगितलं. असे मूळ जर्मेनियम आता सहसा कुणी बनवत नाही, आणि गिटारचे इफेक्ट-पेडल करणारे लोक जगभर ते शोधतात, म्हणून दुसऱ्याच ट्रान्झिस्टरवर नाव छापून विकायचा धंदा चालतो. तक्रार केली तर म्हणाला फोटो पाठवा. फोटोत नाव तर एसी-१२८ च दिसणार! शेवटी निम्मे पैसे परत दिले. परत पाठवायचा खर्च मालापेक्षा जास्त होता, म्हणून मीही सोडून दिलं.

आता तुमची यादी. ईएसपी-३२ चा बोर्ड आणि आर्डुइनो, हे प्रोग्राम करता येणारे दोन्ही छोटे बोर्ड, इथल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातच घेते. आर्डुइनोची रचना खुली आहे, त्यामुळे क्लोन, म्हणजे दुसऱ्याने बनवलेली प्रत, घेण्यात गैर काही नाही. फक्त त्यावर यूएसबीची सीएच-३४० चिप असली तर कधीकधी ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो, तो मी टाकून देईन. परदेशातून येणाऱ्यापेक्षा थोडे जास्त पडतील, पण बोर्ड मुका निघाला तर दुसऱ्या दिवशी काउंटरवर आपटता येतो. तुमच्या वेळची निम्मी दुकानं आता सीसीटीव्ही विकतात, हेही खरं.

२ टीबीचा पेनड्राइव्ह ४०० रुपयांत? तो मुळीच नको. आत खरी जागा थोडीशीच असते, कंट्रोलर कॉम्प्युटरला खोटा आकडा सांगतो. ती जागा भरली की पुढचं लिहिलेलं वाया जातं, नाहीतर आधीचंच पुसलं जातं, आणि कॉपी मात्र ‘पूर्ण’ दाखवते. आईची भजनं त्यावर ठेवून बघा म्हणजे घरात काय होईल ते. १८६५० आकाराची (बोटाएवढा लिथियम सेल) ‘९९०० एमएएच’ क्षमतेची बॅटरीही खोडली. त्या आकारात चांगल्या कंपनीच्या सेलमध्ये ३५०० च्या आसपास मावतं.

आई, तुझा कीबोर्ड मात्र इथेच साधा वायरवाला घेते. त्याला मोठ्या अक्षरांचे देवनागरी स्टिकर लावून आणीन, इनस्क्रिप्ट या मांडणीचे. डाव्या हाताला मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. आठवड्याभरात बोटं बसतील.

राहिली मर्फी. गेल्या शुक्रवारी पहाटे चोरबाजारात गेले. एका टोपलीत मेलेल्या ट्रान्झिस्टर रेडिओचा बोर्ड मिळाला, १५० रुपयांना. गंजलेला, पण त्यावर दोन एसी-१२८, छपाई अर्धी पुसलेली. उकलून टेस्टरला लावले. दोन्हींचं व्होल्टेज १९० मिलिव्होल्टच्या जवळ, म्हणजे खरे जर्मेनियम. मग तुम्ही करायचात तसं एक चिमटीत धरला, आणि बोटांच्या उबेने गळतीचा (ट्रान्झिस्टर बंद असतानाही झिरपणाऱ्या प्रवाहाचा) आकडा वर चढायला लागला. चढताना बघत किती वेळ नुसती बसले होते.

दोघांचा गेन (सिग्नल किती पट वाढवतो तो आकडा) मात्र सारखा नाही. एकाचा ७४, दुसऱ्याचा ९८. आउटपुटला एवढा फरक चालेल का, की अजून एखादा बोर्ड शोधू? तुतारी एक्स्प्रेसचं तिकीट काढलंय. त्याआधी फोन करा.

तुमची,
मनू