स्वतःचे वल्हे घेणाऱ्या सभासदांसाठी सूचना

पावसाळा सरल्यावर खडकवासला, पानशेत येथील जलाशयांत हौसेखातर कयाक (लहान, निमुळती होडी) चालवणाऱ्या ज्या सभासदांना स्वतःचे वल्हे विकत घ्यायचे आहे, त्यांनी खरेदीपूर्वी पुढील बाबी ध्यानात घ्याव्यात, ही विनंती.

वल्ह्याची लांबी केवळ आपल्या उंचीवरून ठरवू नये. कयाकची रुंदीही तितकीच महत्त्वाची असते. सुमारे ७५ सें.मी. रुंदीच्या कयाकसाठी मध्यम उंचीच्या व्यक्तीला २३० सें.मी.चे वल्हे सहसा सोयीचे पडते, तर उंच व्यक्तीने किंवा कयाक अधिक रुंद असल्यास २४० सें.मी.चा विचार करावा. वल्हे आखूड पडले की बोटे कयाकच्या काठावर घासतात आणि पाण्यापर्यंत पोहोचण्यासाठी अंग उगाचच दोन्ही बाजूंना झुकवावे लागते.

वजनाबाबत तडजोड करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. अ‍ॅल्युमिनियमचा दांडा स्वस्त व दणकट असला, तरी तो जड असतो, उन्हात तापतो आणि डिसेंबरच्या सकाळी बोटे गारठवतो. फायबरग्लासचा दांडा महाग, पण हलका असतो. कार्बन फायबरचा खर्च हौसेपुरत्या वापरासाठी (पुणेरी हिशेबाने तर नक्कीच) अनाठायी ठरेल.

पाती अरुंद आणि लांबट असावीत. दोन भागांत सुटणारे वल्हे गाडीत सहज मावते. मात्र दुकानातच ते जोडून, हलवून पाहावे आणि सांधा खटखटत असल्यास घेऊ नये.

वेगवेगळ्या लांबीची वल्ही वापरून पाहू इच्छिणाऱ्यांनी समन्वयकांना आदल्या दिवशी कळवावे.