शॉकअपचं तेल

खारेगाव, कळवा
रविवार दुपार

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "पुढचे शॉकअप गळतायत, गॅरेजवाला दोन्ही आख्खे बदला म्हणतो, त्यापेक्षा गाडी भंगारात देतो." मी लोकलमध्ये लोंबकळत होतो, त्यामुळे शिव्या द्यायच्या राहिल्या. त्या आता पत्रातून घे. एकाच आठवड्यात घेतलेल्या २००६ च्या पल्सर आहेत आपल्या. तुझी भंगारात गेली तर मी माझीला काय सांगू?

मी एवढ्या तावातावाने लिहितोय, कारण गेल्या पावसाळ्यात हीच रड माझ्या दारी आली होती. माझा रस्ता तुला माहीत आहे: कळव्याहून विटावा, पुढे ठाणे-बेलापूर रोडने महापे. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं की खड्डा कुठे आहे ते पुढचा माणूस सीटवरून उडाला की कळतं. ऑगस्टात एका सकाळी ब्रेक दाबला आणि गाडी जरा उशिरानेच थांबली. खाली वाकून बघतो तर शॉकअपच्या बॉटमवरून, म्हणजे पाइप ज्यात सरकतो त्या खालच्या नळकांड्यावरून, तेलाचा ओघळ थेट ब्रेकच्या डिस्कवर. तू अजून त्या गाडीवर फिरत असशील तर आज फिरणं थांबव. तेल प्यायलेले ब्रेक पॅड धुऊन, घासून, गॅसवर भाजून काही सुधारत नाहीत. मी तिन्ही करून पाहिलं, वर घरात वास पसरला म्हणून बोलणी खाल्ली ती वेगळीच.

मलाही एकाने साडेपाच हजार सांगितले होते. मी शहाणपणा करून दुसऱ्याकडे सातशेत नुसती सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, बदलून घेतली. तीन आठवड्यांत पुन्हा ओघळ. मी सीलला शिव्या घातल्या, डुप्लिकेट म्हणून. खरा चोर निराळाच होता, आणि तो दाखवला नाक्यावरच्या म्हाताऱ्या चाचांनी. त्यांनी पाना काही हातात घेतला नाही. शॉकअपच्या चकचकीत पाइपावरून नख वरून खाली फिरवलं आणि एका जागी थांबले. "इथे बघ." तिथे मोहरीएवढे दोन गंजाचे खड्डे होते. गाडी महिनोन्‌महिने उघड्यावर, त्यात आमची खाडीची हवा; क्रोम तिथे फुटलं होतं. शॉकअप दबला की त्या खड्ड्याची कड सीलच्या ओठावरून जाते. नवं सील घाल नाहीतर सोन्याचं घाल, ते कापलंच जाणार. माझ्या आधीच्या मेकॅनिकने पाइपाकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

तेव्हा तू आधी नख फिरव. कापूस फिरवलास तरी चालेल, खड्डा असेल तिथे तंतू अडकतात. खड्डा नसेल तर कदाचित फुकटात सुटशील. डस्ट सील, म्हणजे धूळ अडवणारं वरचं सील, वर सरकव, जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी कापून तिच्या टोकाला हुकासारखा वाक ठेव, ती सीलच्या ओठाखाली सारून पाइपाभोवती फिरव आणि ओढून काढ. आत अडकलेली माती बाहेर येते. कधी कधी गळती तेवढ्यानेच थांबते. माझ्या नशिबात ते नव्हतं.

माझे खड्डे मी असे बुजवले. बाराशे नंबरचा वॉटर पेपर भिजवून गंजाची उचललेली कड घासली. घासायचं पाइपाभोवती आडवं, बूट पॉलिश करतात तसं. उभे ओरखडे पडले तर तेलाला वर चढायला आयती वाट मिळते. मग पेट्रोलने पुसून खड्ड्यात टाचणीने एरल्डाइट भरलं, एक दिवस वाळू दिलं आणि दोन हजार नंबरच्या पेपरने पाइपाच्या पातळीला आणलं. नख पुन्हा फिरवलं तेव्हा कुठे अडकलं नाही. तो आनंद तुला लिहून कळायचा नाही.

बाकी काम बिल्डिंगच्या पार्किंगमध्येच केलं. सेक्रेटरी दोनदा येऊन "किती वेळ?" विचारून गेले. गाडी मेन स्टँडवर घेऊन इंजिनखाली जॅक दे, पुढचं चाक काढ. कॅलिपर, म्हणजे ब्रेक पॅड धरणारा भाग, तारेने बांधून टांग, ब्रेकच्या नळीवर लटकवू नकोस, आणि ब्रेकचा लिव्हर चुकूनही दाबू नकोस. पाइप टीमधून, म्हणजे हँडलखालच्या पकडीतून, ओढण्याआधी वरची टोपी सैल कर. बाहेर काढल्यावर ती सोडवताना घाम फुटतो. आणि पूर्ण उघडताना तोंड बाजूला ठेव, खाली स्प्रिंग आहे.

माझं घोडं अडलं ते बॉटमच्या तळातल्या एलन बोल्टवर. तो फिरवला की आतला रॉडही त्याच्याबरोबर गरगर फिरतो आणि बोल्ट काही सुटत नाही. दोन तास गेले. शेवटी दोन्ही शॉकअप पिशवीत घालून चाचांकडे नेले, त्यांनी हवेच्या गनने दोन सेकंदात सोडवले आणि पन्नास रुपये घेतले. तू थेट तिथेच जा. त्या बोल्टखाली तांब्याचं वायसर असतं, तेही नवं घाल, नाहीतर खालून गळेल.

जुन्या सीलवर तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. तेच आकडे बघून नवं घे आणि दोन्ही बाजूंचं बदल. बसवताना पाइपाच्या तोंडावर तेल लावलेली प्लास्टिकची पिशवी चढव, म्हणजे कडेने ओठ कापणार नाही. सीलची स्प्रिंगवाली बाजू खाली, तेलाकडे. ठोकायला पीव्हीसी पाइपचा तुकडा उत्तम. आणि मेकॅनिकला इंजिन ऑईल ओतू देऊ नकोस! फोर्क ऑईल आण, गाडीच्या पुस्तकात दिलंय तेवढंच, खोकल्याच्या औषधाच्या मापाने दोन्हीकडे सारखं मोजून घाल. जास्त घातलंस तर आत हवेला जागा उरत नाही आणि दाब सीलवरच येतो.

खर्च सांगतो: सील आणि डस्ट सील ३४०, तेल २१०, वायसर २०, एरल्डाइट ६०, पॅड २८०, चाचांचे ५०. एकूण ९६०. आधी वाया गेलेले सातशे मी मोजत नाही, तूही मोजू नकोस.

मात्र पाइप खिडकीच्या काचेवर लोळवून बघ. डुगडुगला तर तो वाकलेला आहे, मग एरल्डाइट काही कामाचं नाही, पाइपच बदल. क्रोमचे पापुद्रेच निघत असतील तर तुमच्या नाशिकच्या अंबड-सातपूरला हार्ड क्रोमचा मुलामा करणारा शोध आणि आधी भाव विचार.

माझी गाडी गणपतीपासून कोरडी आहे. आता पाइपांवर रबरी बूट चढवलेत, बुलेटसारखे. जरा विचित्र दिसतात, हसशील.

नख फिरवून झालं की पाइपाचा फोटो पाठव. अर्ध्याहून जास्त एरल्डाइट आणि पीव्हीसीचा तो तुकडा मी जपून ठेवलाय. एखाद्या शनिवारी पहाटेची गाडी पकडून नाशिकला येतो. वहिनींना सांग, जुनं वर्तमानपत्र भरपूर लागेल.

तुझा,
कळवेकर