उदारमतवाद आणि आमचा कापूस

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत गेल्या आठवड्यात एका पत्रलेखकाने लिहिले आहे की, उदारमतवादी म्हणजे शहरात बसून खेड्याला उपदेश करणारे आणि स्वतःची कोणतीही ठाम भूमिका नसलेले लोक. आमच्या गावच्या पारावरही हा शब्द साधारण याच अर्थाने वापरला जातो. मी केळापूर तालुक्यातला कोरडवाहू कापूस उत्पादक आहे. गेली सुमारे चाळीस वर्षे मी स्वतःला उदारमतवादी म्हणवतो आणि हे मत पुस्तके हाती येण्याच्या आधी कापसाच्या बंडीमागे चालताना बनले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

१९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू झाली. शेतकऱ्याने आपला कापूस शासनाने नेमलेल्या यंत्रणेलाच द्यायचा, खाजगी व्यापाऱ्याला विकायचा नाही आणि राज्याबाहेर न्यायचा नाही, असा तिचा नियम होता. ग्रेडर प्रत लावील ती प्रत आणि चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, मिळेल तेव्हा मिळेल. पैनगंगेच्या पलीकडे आदिलाबादचा बाजार होता. ज्या वर्षी तिकडे भाव चढा असे, त्या वर्षी नदीकाठच्या गावांतून रात्री बंड्या निघत. त्यांत एकदा माझे वडीलही निघाले आणि मी, तेव्हा सतरा वर्षांचा, त्यांच्यासोबत होतो. नाक्यावर आम्हाला अडवले, कापूस उतरवून घेतला आणि ज्यांनी आयुष्यात कोणाच्या धुऱ्यावरची काडी उचलली नाही, त्या माझ्या वडिलांना पहाटेपर्यंत चोरासारखे बसवून ठेवले. पऱ्हाटी त्यांनी लावली होती, कर्ज त्यांच्या डोक्यावर होते, पाऊस दगा देता तर नुकसानही त्यांचेच झाले असते. मात्र कापूस घरात आल्यावर तो कोणाला विकायचा, हे ठरवण्याचा अधिकार त्यांना नव्हता. उदारमतवाद्यांचा मूळ प्रश्न मला त्या रात्री समजला: ज्याचे कष्ट आणि ज्याची जोखीम, निर्णय त्याचा का नसावा?

या योजनेने काही वर्षे बाहेरच्या बाजारापेक्षा चांगला भाव दिला आणि तेव्हा परराज्यातला कापूस उलट आपल्याकडे येऊ लागला, हेही सांगितले पाहिजे. शासनाने खरेदी केंद्रे उघडावीत, हमीभावाने माल घ्यावा, याला माझा विरोध नाही. आमचा आक्षेप दुसरे दार बंद करण्याला होता. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे उदारमतवादी म्हणजे व्यापाऱ्यांचे हस्तक, असा आरोप सहज केला जातो.

विदर्भाला हा वाद नवा नाही. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन नागपूरला भरले आणि तेथे सहकारी संयुक्त शेतीचा ठराव झाला. शेतकऱ्याची जमीन सामुदायिक होणार, या धास्तीने त्याच वर्षी राजाजींच्या (चक्रवर्ती राजगोपालाचारी) नेतृत्वाखाली स्वतंत्र पक्ष उभा राहिला आणि १९६७ च्या निवडणुकीत ४४ जागा जिंकून लोकसभेतला सर्वांत मोठा विरोधी पक्ष झाला. पुढे शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी हाच विचार शेतमालाच्या भावाच्या भाषेत आमच्यापर्यंत आणला. आजही निर्यातबंदी येते, साठ्यावर मर्यादा येतात; डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीन आणि हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदे व्यवहार, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचे आज भाव ठरवून होणारे सौदे, थांबवण्यात आले. प्रत्येक वेळी कारण ग्राहकाच्या हिताचे दिले जाते आणि किंमत आम्ही मोजतो. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर येथे शेतकऱ्यांनी परवानगी नसलेले तणनाशक-सहनशील कापूस बियाणे उघडपणे पेरले, तेही याच विचाराने. बियाण्याची सुरक्षितता तपासलीच पाहिजे, असे माझे मत आहे. परंतु तपासणीच्या नावाखाली निर्णयच न घेणे आणि त्यामुळे शेतकऱ्याला चोरट्या, बनावट बियाण्याकडे लोटणे, हे मला मान्य नाही.

आता जे लिहितो ते माझ्या सोबत्यांना बोचेल. कापसाच्या आंदोलनात माझ्या खांद्याला खांदा लावून बसलेल्या काही जणांनी काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाला वाळीत टाकण्यास संमती दिली, कारण त्या घरातल्या मुलाने जातीबाहेर लग्न केले होते. त्या घरचे दळण चक्कीवर घेईनात आणि कापूस वेचायला बायका जाईनात. मी त्यांना विचारले, "तुमच्या कापसाचा निर्णय सरकारने घेऊ नये, मग त्या पोराच्या लग्नाचा निर्णय तुम्ही कसा घेता?" मला उत्तर मिळाले नाही, आणि दोन घरांशी माझे जाणे-येणे तेव्हापासून तुटले ते तुटलेच. सामाजिक बहिष्काराला मनाई करणारा राज्याचा कायदा २०१७ पासून लागू आहे, पण भाऊबंदांच्या विरोधात तक्रार लिहून देणारा माणूस गावात सापडत नाही. शासनाच्या जबरदस्तीइतकीच जातीची आणि गावकीची जबरदस्तीही चुकीची आहे, हे मानल्याशिवाय कोणी स्वतःला उदारमतवादी म्हणवू नये. पंजाबराव देशमुखांना आपण शेतकऱ्यांचे नेते म्हणून आठवतो, पण अमरावतीच्या अंबादेवीचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून झालेल्या सत्याग्रहातही ते पुढे होते.

हाच नियम घराच्या आतही लागू होतो. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन झाले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत अनेकांनी जमिनीचा तुकडा पत्नीच्या नावे केला. मीही दोन एकर केले. सातबाऱ्यावर नाव चढल्यानंतर त्या दोन एकरांत काय पेरायचे हे ती ठरवते आणि माझे कपाशीचे मत डावलून तिथे बहुतेक वर्षी तूर आणि ज्वारी असते.

ठाम भूमिका नसल्याच्या आरोपाबद्दल थोडेच लिहितो. आगरकरांच्या विरोधकांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी त्यांनी 'सुधारक'मधले लेखन थांबवले नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्यासाठी विधेयक मांडले आणि पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. उदारमतवाद्यांना शासनच नको असते, असे समजणाऱ्यांनी हे विधेयक आठवावे. जिथे दुबळ्याला एकट्याने उभे राहता येत नाही, तिथे शासन हवे, असे मानणारा मोठा प्रवाह या विचारात पहिल्यापासून आहे. रोजगार हमीसारख्या योजनेवर आमच्यात मतभेद आहेत, आणि मी ती असावी या बाजूचा आहे.

शेवटी एक विनंती. ज्या पत्रलेखकांना उद्देशून हे लिहिले, त्यांचे उत्तर आल्यास ते कितीही कडक असले तरी याच सदरात, काटछाट न करता छापावे.

आपला,
एक कापूस उत्पादक वाचक,
ता. केळापूर, जि. यवतमाळ