उवा सापडल्या म्हणून मूल घरी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डोक्यात उवा दिसल्या की चिठ्ठी देऊन मुलाला घरी पाठवणाऱ्या शाळा आजही आहेत. हा मार्ग न्यूयॉर्कमध्ये सव्वाशे वर्षांपूर्वीच फसला होता. तिथे १८९७ पासून डॉक्टर शाळांतून तपासणी करत. खुपऱ्या, खरूज, नायटा, उवा, काहीही आढळले की मूल घरी. पुढच्या उपचारांचे कुणीच पाहत नसे. स्थलांतरितांच्या वस्त्यांत अनेक आयांना ती चिठ्ठी वाचताही येत नसे.

न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत घरोघरी शुश्रूषा करणाऱ्या ‘हेन्री स्ट्रीट सेटलमेंट’ या संस्थेच्या संस्थापक, परिचारिका लिलियन वॉल्ड यांनी ऑक्टोबर १९०२ मध्ये आपल्या सहकारी लीना रॉजर्स यांना महिनाभर चार शाळांसाठी दिले. किरकोळ दुखण्यांवर रॉजर्स शाळेतच मलमपट्टी करत आणि मुलाला वर्गात बसवत. बाकीच्यांच्या घरी जाऊन उपचार कसा करायचा ते आईला करून दाखवत. प्रयोग पटल्यावर शहराने आणखी शाळांत परिचारिका नेमल्या. शहरात सप्टेंबर १९०२ मध्ये १०,५६७ मुले घरी पाठवली गेली होती; सप्टेंबर १९०३ मध्ये १,१०१. आरोग्यशिक्षणाला वॉल्ड यांनी दिलेली सर्वांत मोठी देणगी मला हीच वाटते: सांगून थांबायचे नाही, समोर करून दाखवायचे.

उवांचेच घ्या. ओल्या केसांना कंडिशनर लावून छोटे छोटे भाग पाडायचे. बारीक दातांची फणी टाळूला टेकवून टोकापर्यंत ओढायची आणि दर वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसायची. दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन आठवडे. बहुतेक घरांत घोळ होतो तो इथेच. औषधाने उवा मरतात, पण बऱ्याच लिखा शाबूत राहतात आणि सात ते दहा दिवसांत फुटतात. मग औषधावरचा विश्वास उडतो आणि रॉकेलची बाटली निघते. त्या काळी नर्सही रॉकेल वापरत. आज ते मुळीच लावू नये, पेट घेण्याचा धोका असतो आणि टाळूची आग होते. उवा उड्या मारत नाहीत, डोक्याला डोके लागून पसरतात, आणि स्वच्छ केसांतही होतात. मुलाला वर्गातून काढण्याचे काहीच कारण नाही.

शाळांना विनंती आहे: चिठ्ठी द्यायचीच तर तिच्यावर फणी फिरवण्याच्या पुढच्या तारखा लिहा आणि पालकसभेत एकदा ओल्या केसांवर फणी चालवून दाखवा. जी आई सभेला येऊ शकली नाही, तिच्या घरी कुणीतरी जायलाच हवे.

आपली नम्र,
एक परिचारिका